हात माझा हलत नाही

...नाही नाही, बसा हो, खुशाल बसा! बाक हलला तरी चालेल मला. बाक हलू दे, अख्खी गॅलरी हलू दे, हात माझा हलत नाही! ...काय? छे, चिडलोय कुठे? हा माझा नेहमीचा आवाज आहे. हिला विचारा. ही माझी बायको, मांडीवर थर्मास घेऊन बसलीय ती. सेहेचाळीस वर्षं हा आवाज ऐकतेय, एकदा तरी कानावर हात ठेवलाय का विचारा! ...ठेवलाय म्हणते. असो. पण तुम्हाला सांगतो, तुम्ही आत्ता जे विचारलंत ना, 'काका, कॅमेरा धरायला मदत करू का', ते चांगल्या मनानं विचारलंत, मान्य आहे मला, पण गेले पंधरा दिवस जो उठतो तो मला मदतच करायला निघालाय! बँकेतला माणूस मदत करतो, जावई मदत करतो, दुकानदार मदत करतो, आणि आता तर म्हणे लेन्ससुद्धा मदत करते! आतून! कोणी मागितली होती हो?

शर्यतीला अवकाश आहे अजून, ती लांब उडी संपल्याशिवाय मैदान मोकळं व्हायचं नाही. तोवर ऐका. ती बघा, तिकडे, हिरवा टी-शर्ट, एका पायावर उड्या मारतेय ती... ती माझी नात. चारशे मीटरची फायनल आहे तिची. घरात आम्ही तिला भिंगरी म्हणतो, कारण ती चालायला कधी शिकलीच नाही, एकदम पळायलाच लागली. सहा वर्षांची असल्यापासून दरवर्षी पळते आणि दरवर्षी तिचा शेवटच्या रेघेवरचा फोटो मी काढतो. आणि माझी एक पद्धत आहे. फ्रेम मी शर्यतीच्या आधी आणतो. आधी! फोटो नंतर. लोक म्हणतात, अहो, फोटो चांगला आला तर करा की फ्रेम. मी म्हणतो, आला तर? ‘तर’ कुठून आला मधेच? तर हॉलच्या भिंतीवर ओळीनं सात फ्रेम, सात फोटो, आणि आठवी फ्रेम... आठवीत नुसता पुठ्ठा आहे. गेल्या वर्षीची. खिळा मी आधीच ठोकला होता ना, मग फ्रेम लावावीच लागली.

गेल्या वर्षीचा फोटो हलला. झालं. हलला! त्यात काय एवढं? पोरगी वाऱ्यासारखी पळतेय, हलणार नाही तर काय होईल? पोरगी स्वतः म्हणाली, "आजोबा, मी इतक्या जोरात पळाले, की तुमच्या कॅमेऱ्यात मावलेच नाही!" बघा, तेरा वर्षांचं पोर, पण शास्त्र कळतं. पण आमचे जावईबुवा! ते कॉम्प्युटरवाले. त्यांनी तो फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि अगदी हळू आवाजात, हा हळू आवाज फार वाईट बरं का, म्हणाले, "बाबा... मागची भिंतही हललीय."

मी म्हटलं, हलली असेल! जुनं बांधकाम आहे!

हसू नका. मी काय होतो माहितीय का तुम्हाला? ड्राफ्ट्समन होतो. एकोणचाळीस वर्षं. पुलांची, टाक्यांची, पंपघरांची ड्रॉइंग्ज. तेव्हा कॉम्प्युटर नव्हता, ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेननं रेघ ओढायची, केसाएवढी, आणि चुकली तर ब्लेडनं खरवडायची. बाकीच्यांना आठवड्याला एक ब्लेड लागायचं. मला वर्षाला एक! तेही मी पेन्सिलीला टोक करायला वापरायचो. ऑफिसात मला नावानं कोणी हाक मारत नव्हतं, ओळंबा म्हणायचे. ओळंबा! गवंडी भिंत सरळ आहे का बघायला दोरीला वजन बांधून सोडतो ना, तो. मोठे साहेब नव्या पोरांना माझ्या टेबलाशी आणून उभे करायचे आणि म्हणायचे, "बोलू नका, श्वास घेऊ नका, नुसते बघा." आणि अशा माणसाला तुम्ही सांगताय, भिंत हलली! अहो, भिंतीनं माझ्याकडे बघून सरळ व्हायचं, असा माणूस मी! हात माझा हलत नाही.

पण एकदा का घरात एखादी गोष्ट बोलली गेली, की ती सगळ्यांना सगळीकडे दिसायला लागते. बँकेत गेलो. काचेपलीकडचा माणूस म्हणतो, "काका, सही जुळत नाही." म्हटलं, खातं माझं, हात माझा, सही माझी, न जुळायला तिला काय झालं? तर तो म्हणतो, "नमुन्यातली सही सरळ आहे. ही जरा... नागमोडी आहे." नागमोडी! म्हटलं, तुमचं काउंटर हलतंय, आधी त्याच्या पायाखाली पुठ्ठा घाला. घालत नाहीत. पुन्हा सही करा म्हणाले. चार वेळा केली. चौथ्यांदा तो म्हणाला, "चालेल." चालेल! एकोणचाळीस वर्षांत माझ्या कुठल्याही रेघेला कोणी 'चालेल' म्हटलं नव्हतं.

आणि ही! सहा महिने झाले, हिनं मला अर्धाच कप चहा द्यायला सुरुवात केलीय. अर्धा! स्वतःला पूर्ण, मला अर्धा. विचारलं तर म्हणते, "गार होतो हो, लागला तर पुन्हा देते." म्हणजे दोनदा उठेल, दोनदा गरम करेल, पण कप भरणार नाही. बायकांचं गणित आपल्याला कधी कळलंय? ...तू हस, हस. मी सांगतोच आहे त्यांना.

तर यंदा शर्यत जवळ आली, फ्रेम मी आणली, नववी, ही बघा पिशवीत आहे, आणि त्याच संध्याकाळी जावईबुवा म्हणतात, "बाबा, यंदा फोटोला एक माणूस सांगूया का? त्याचं कामच ते आहे. तुम्ही निवांत बसून शर्यत बघा." निवांत! तुम्हाला सांगतो, म्हाताऱ्या माणसाला घरातून उठवायचं असेल ना, तर 'उठा' म्हणत नाहीत, 'निवांत बसा' म्हणतात. माझी लेक, म्हणजे ह्यांची बायको, तीही खाली मान घालून म्हणाली, "हो ना बाबा, कशाला दगदग?" ठरवून आलेली मंडळी! मी काही बोलणार तेवढ्यात भिंगरीनं ताटावरून मान वर केली आणि म्हणाली, "आजोबा काढणार नसतील तर मी पळणारच नाही." आणि जेवायला लागली. संपला विषय.

संपला कसला! तिथून तर सुरू झाला. कारण आता सगळ्यांनी मिळून ठरवलं, की काढतील आजोबाच, पण आजोबांना नवी लेन्स घेऊया. माझी जुनी लेन्स तीस वर्षांची, लोखंडासारखी जड, लांबचं जवळ दाखवणारी, आत काहीही नाही, नुसती काच आणि प्रामाणिकपणा. पण नव्या लेन्समध्ये म्हणे स्टॅबिलायझर असतो. म्हणजे तुमचा हात हलला तरी फोटो हलत नाही. मी म्हटलं, छान आहे, ज्यांचा हात हलतो त्यांनी घ्यावी. हात माझा हलत नाही! मला ते नसलेली द्या. दुकानदार म्हणतो, "काका, तशी आता येतच नाही." येतच नाही? म्हणजे सगळ्या जगाचा हात हलतो असं धरूनच चालले हे लोक?

तर दोन लेन्स उरल्या. एक थोरली आणि एक धाकटी, मी नावंच ठेवली. थोरली म्हणजे शंभर ते चारशेची, आकडा जितका मोठा तितकं लांबचं जवळ दिसतं, हाताच्या कोपरापर्यंत लांब, वजनदार, हातात घेतली की वाटतं, हां, काहीतरी घेतलंय. धाकटी सत्तर ते तीनशेची, आखूड, हलकी, जरा प्लॅस्टिकची वाटणारी. थोरलीतला स्टॅबिलायझर जुन्या पद्धतीचा, चार स्टॉपचा. धाकटीतला नवा, पाच स्टॉपचा. ही म्हणाली, "म्हणजे बससारखे?" दुकानदार समजूतदार होता, म्हणाला, "काकू, स्टॉप जितके जास्त, तितका जास्त हललेला हात चालतो." आणि हे बोलताना बघितलं कोणाकडे? माझ्याकडे!

जावईबुवा लगेच म्हणाले, "बाबा, धाकटीच घ्या. हलकी आहे. तुम्हाला झेपेल." झेपेल! ऐकलंत? मी ट्रंका उचलल्यात, ड्रॉइंग बोर्ड खांद्यावर टाकून चार मजले चढलोय, आणि मला पाऊण किलो झेपेल! तिथल्या तिथे ठरवलं, थोरली. घेईन तर थोरली! कालपरवाची धाकटी, कानामागून आली आणि तिखट झाली, पाच स्टॉपची ऐट कोणाला सांगते?

मग सुरू झाले जावईबुवांचे परीक्षणाचे व्हिडिओ. रोज एक पाठवायचे. ते लेन्स तपासणारे लोक बघितलेत का तुम्ही? जगात इतक्या सुंदर गोष्टी आहेत, डोंगर आहेत, माणसं आहेत, पण हे लोक एकजात विटांच्या भिंतीचा फोटो काढतात! एक म्हणतो थोरलीच्या विटा कोपऱ्यात मऊ दिसतात. दुसरा म्हणतो धाकटीच्या विटा मधे कडक आहेत पण कडेला जांभळ्या होतात. तिसरा म्हणतो, दोन्ही चांगल्या आहेत, पण थांबा, पुढच्या वर्षी तिसरी येतेय. पुढच्या वर्षी! अहो, मी एक्काहत्तरचा, मला थांबा म्हणतो! शेवटी मी म्हटलं, बास. हातच्या काकणाला आरसा कशाला? दोन्ही लेन्स आणा घरी, दोन दिवस भाड्यानं, मी तपासतो. ड्राफ्ट्समनच्या पद्धतीनं.

आता पद्धत ऐका. पहिली गोष्ट म्हणजे चार्ट. बाजारात छापील मिळतात, पण छापलेल्या रेघेवर माझा विश्वास नाही. मी माळ्यावरून माझं पेन काढलं, धुतलं, शाई भरली, आणि मोठ्या जाड कागदावर स्वतः रेघा काढल्या. पट्टी न लावता बरं का! पट्टी लावली तर ती पट्टीची रेघ झाली, माझी कुठे? आधी एकमेकींपासून लांब लांब, मग जवळ, मग इतक्या जवळ की नुसत्या डोळ्यानं काळा पट्टाच दिसावा. जी लेन्स त्या पट्ट्यातल्या रेघा सुट्या करून दाखवेल ती खरी. दोन दिवस लागले. ही म्हणत होती, "चष्मा तरी लावा." कशाला? हाताला रेघ पाठ आहे!

चार्ट चिकटवला आमच्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, टोकाच्या खिडकीशेजारी. कॅमेरा ह्या टोकाला, लिफ्टजवळ. मधे बावीस मीटर. प्रत्येक लेन्सचे दहा फोटो हातात धरून आणि दहा ट्रायपॉडवर ठेवून. उजेड बेताचा, म्हणून शटर सेकंदाचा तिसावा भाग. म्हणजे हात केसभर हलला तरी पकडला जाणार. आणि ट्रायपॉड का? तर तो पुरावा. लोखंडाचे तीन पाय, तो काही हलत नाही. ट्रायपॉडचा फोटो म्हणजे मूळ प्रत, हाताचा फोटो म्हणजे नक्कल, दोन्ही ताडून बघायचे. बरोबर की नाही?

आणि बावीस मीटरच्या मधे आठ घरांचे दरवाजे! मी श्वास रोखला की एक दरवाजा उघडणार. समोरचे निवृत्त कंडक्टर बाहेर आले, चार्ट बघितला, एका डोळ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तिसऱ्या ओळीपर्यंत दिसतंय हो मला!" अहो, डोळ्यांची तपासणी नाही चाललेली इथे! मग शिंपीणबाई आल्या, त्या म्हणाल्या, "रेघारेघांचं कापड छान आहे, कुठून आणलं?" असं करत करत दुपार झाली, पण चाळीस फोटो काढले.

आणि मग कॉम्प्युटरवर लावले... आणि तुम्हाला सांगतो, मी खुर्चीतून उठलो! उभा राहिलो! अहो, हातातले फोटो नितळ! धाकटीचे दहापैकी दहा, थोरलीचे सात. आणि ट्रायपॉडवरचे? सगळेच्या सगळे हललेले! वीसही! रेघा एकीत एक मिसळून नुसतं धुकं! मी तीनतीनदा तपासलं, नंबर ताडून बघितले. संशयच नाही. ट्रायपॉड हलला आणि मी हललो नाही! तीन पायांच्या लोखंडाला जमलं नाही ते माझ्या दोन हातांनी केलं! हिला हाक मारली, लेकीला फोन केला, कंडक्टरांना घरात बोलावून दाखवलं. लेकीला म्हटलं, "जावईबुवांना पाठव! या म्हणावं बघायला! मागची भिंत हलली का बघा म्हणावं आता!" जावई आले, बघितलं, डोकं खाजवलं, म्हणाले, "विचित्र आहे." विचित्र! सत्य दिसलं की लोकांना विचित्र वाटतं. ही फक्त म्हणाली, "झालं ना मनासारखं? आता एक लेन्स ठेवा, एक परत करा." पण मी थांबतोय होय? मी म्हटलं, सगळे चला दुकानात. त्या दुकानदारालाही कळू दे.

ह्यालाच म्हणतात हात दाखवून अवलक्षण. पण तेव्हा कोणाला ठाऊक होतं?

सोमवारी सकाळी निघालो. मी पुढे, चार्टची गुंडाळी काखेत, मागून ही, मागून जावईबुवा ट्रायपॉड घेऊन. दुकानात आठदहा गिऱ्हाइकं. बरंच झालं, म्हटलं, साक्षीदार मिळाले. सगळं सांगितलं, मोठ्या आवाजात, फोटो दाखवले. गिऱ्हाइकं जमा झाली. एक मुलगी तर म्हणाली, "काका, भारीच हं!" मी नुसती मान हलवली. दुकानदार शांतपणे ऐकत होता. सगळं झाल्यावर त्यानं एकच प्रश्न विचारला. "काका, ट्रायपॉडवर ठेवल्यावर स्टॅबिलायझरचं बटण बंद केलं होतंत ना?"

म्हटलं, बंद कशाला? परीक्षा दोघांची सारखी नको का?

तर तो म्हणाला, "तिथेच चूक झाली. लेन्सच्या आत एक छोटं भिंग लटकतं असतं. हात डावीकडे गेला की ते उजवीकडे जातं, हात खाली गेला की ते वर जातं. हाताची थरथर खोडून काढायची, एवढंच त्याचं काम. पण ट्रायपॉड तर हलतच नाही. मग ते बिचारं थरथर शोधत बसतं. सापडत नाही. शोधता शोधता स्वतःच थरथरायला लागतं, आणि फोटो हलतो. सगळ्याच लेन्समध्ये होतं असं नाही, पण ह्या दोन्हींत होतं." आणि मग तो म्हणाला, "आणि हातात धरल्यावर इतके नितळ आले, म्हणजे त्याला तिथे भरपूर काम..." आणि थांबला. खोकला. समोरची काच पुसायला लागला.

'भारीच' म्हणणारी मुलगी मोबाइलमध्ये बघायला लागली. ही छताकडे बघत होती, जणू तिथे काही लिहिलंय. मी म्हटलं, हा तुमचा अंदाज झाला! बटण बंद करा, लावा चार्ट, काढा फोटो, आत्ताच्या आत्ता! हात माझा हलत नाही!

लावला. समोरच्या कपाटावर चार्ट, ट्रायपॉडवर धाकटी, बटण बंद. कट्. फोटो मोठ्या पडद्यावर टाकला. आणि काय सांगू तुम्हाला... ह्यापूर्वी मी असा फोटो बघितला नव्हता. एक एक रेघ सुटी. कागदाचे तंतू दिसतात, शाईची कड दिसते. दुकानदार खूश झाला, त्याला राहवेना, त्यानं आणखी मोठा केला. "बघा काका, काय धार आहे हिची! रेघेतली थरथरसुद्धा दिसते बघा! ही, ही बघा, मुंगी शाईत पाय बुडवून चालल्यासारखी! छापील चार्ट नाही वाटतं हा? कोणी काढलाय? घरातल्या छोट्या कोणी?"

मी पडद्याकडे बघितलं. सगळ्याच तशा होत्या हो. पहिलीपासून. घरी मी फक्त काय बघत होतो, तर रेघा सुट्या आहेत की मिसळल्यात. रेघ सरळ आहे का हे बघायचं मला सुचलंच नव्हतं. एकोणचाळीस वर्षांत कधी बघायची वेळच आली नव्हती ना!

आणि तेवढ्यात, मागून, तोच हळू आवाज. जावईबुवा! म्हणतात, "मी काढला. मला... मला शाळेपासूनच चित्रकला जमली नाही."

तुम्ही म्हणाल, चांगला जावई. सावरून घेतलं. हिच्या डोळ्यांत तर पाणीच आलं. मला पण समजायला हवं होतं, गप्प बसायला हवं होतं, बाहेर येऊन त्यांच्या पाठीवर हात ठेवायला हवा होता. पण माझ्या डोक्यात काय तिडीक गेली म्हणता! माझी रेघ! मी दोन दिवस बसून काढलेली, आणि हा माणूस, ज्यानं आयुष्यात पेनात शाई भरलेली नाही, भर दुकानात तिच्यावर हक्क सांगतो? मी ओरडलो, "खोटं आहे! माझी आहे ती रेघ! सगळ्या माझ्या आहेत! हलल्या तरी माझ्याच आहेत!"

...हो. मोठ्यानं. आठदहा गिऱ्हाइकांसमोर.

मग जे शांत झालं ना दुकान, तसं आमचं ऑफिस फक्त मोठ्या साहेबांच्या वेळी व्हायचं. बोलू नका, श्वास घेऊ नका, नुसते बघा. हिनं हळूच पुढे होऊन कपाटावरचा चार्ट काढला, गुंडाळी केली, रबर लावलं, काखेत धरला. म्हणाली, "चला. कुठली घ्यायची ती घ्या." जावई माझ्याकडे बघत नव्हते. मी त्यांना म्हटलं, "चित्रकला येत नाही तर येत नाही म्हणावं, दुसऱ्याच्या रेघा चोरू नयेत." ते म्हणाले, "हो बाबा." आणि दोघेही हसलो. काय करणार? घरी येताना ट्रायपॉड मी घेतला. वजन जास्त त्याचंच होतं, म्हणून.

तर... कुठली घेतली ते तुम्ही बघताच आहात. ही धाकटी. आता तुम्ही लगेच म्हणाल, हरला म्हातारा, हलकी घेतली, पाच स्टॉपची घेतली! अजिबात नाही! मी काल इथे येऊन मोजून गेलोय. ह्या बाकापासून शेवटची रेघ एकसष्ट मीटर, तीनशेत पोरगी डोक्यापासून पायापर्यंत बसते, चारशेत पाय कापले जातात. पळणाऱ्या पोरीचे पाय कापायचे? हिशोबानं घेतलीय मी. निव्वळ हिशोबानं! ही म्हणते, सुंभ जळला तरी पीळ जात नाही. कसा जाईल? तो पीळ म्हणजेच मी. आणि चार्ट? हिनं टाकला नाही. हॉलमध्ये तो आठवा पुठ्ठा होता ना, रिकामा, तिथे बरोबर मापात कापून बसवला. भिंगरी बघत उभी राहिली आणि म्हणाली, "आजोबा, ह्या रेघा पण पळतायत!" शास्त्र कळतं पोरीला.

...संपली वाटतं लांब उडी. हो, चालल्या पोरी, चौथ्या पट्टीत ती आमची. अगं, चहा दे घोटभर, घसा सुकला माझा. ...अर्धाच? दे. दे, दे, अर्धाच बरा. गार होतो ना, बरोबर आहे तुझं. धर कप. आणि जावईबुवा, ते काय, खाली दोरीजवळ उभे आहेत, ओरडायला. ओरडायचं काम दिलंय मी त्यांना, हळू आवाज घालवायला.

सरका जरा. नाही, मदत नको! तुम्ही आपले बसा. बाक हलवा, पाय आपटा, टाळ्या वाजवा, काही फरक पडत नाही. काय म्हणताय? बटण? हो, चालू आहे बटण, बघितलं मी. दोनदा बघितलं. शटरची काळजी करू नका, तो सेकंदाचा हजारावा भाग आहे, पोरगी पळाली तरी चालेल आणि भिंत पळाली तरी चालेल... पिस्तूल उचललं बघा... हां, तुम्हाला दिसतोय होय हात? दिसणारच, इतक्या जवळ बसलात. पण गैरसमज नको. आत ते एवढंसं भिंग लटकलंय, हललं नाही कोणी तर बिचारं वेडंपिसं होतं, प्रत्यक्ष बघितलंय मी. त्याच्या पोटापाण्याचं कोणी बघायचं मग? म्हणून. हात माझा हलत नाही हो...

मी हलवतो!